पाहायची किल्ली माझ्याजवळ आहे

ये अशी, जरा जवळ सरक. एवढ्या लांबून आजीचं ऐकतात का कोणी? आणि तो फोन ठेव बाजूला. नाही, राहू दे, फोनातच वाचत असशील तू हे. तुझ्या आईनं पेपरच्या पुरवणीतल्या पानाचा फोटो काढून पाठवला असेल. मग फोन धर, पण मान सरळ ठेव. वाकून वाकून मानेमागचं हाड वर आलंय तुझं, किती वेळा सांगितलं. आणि दर रविवारी फोन करतेस, तो काय फोन म्हणायचा? "मी बरी आहे आजी, तू बरी आहेस नं, ठेवतो." याहून जास्त तर एसटीचा कंडक्टर बोलतो माझ्याशी.

आज रागावायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि पहिल्याच ओळीला रागावले. जाऊ दे. आज मी तुला धडा म्हणून दाखवणार आहे, तूच शिकवलेला. बरोबर येतो का ते बघ. चुकला तर इथे येऊन दुरुस्त कर, फोनवर नको.

वाचणाऱ्या बायाबापड्यांना आधी सांगते, नाहीतर त्या म्हणतील ही म्हातारी कोणाशी बोलते. ही माझी नात, मुलाची मुलगी. देवळीला आमचं किराण्याचं दुकान आहे. दुकानामागे घर, घरात मी, मुलगा, सून आणि मागच्या दिवाळीपर्यंत ही. शाळा माझी लवकर सुटली. पुढचं वाचन मी दुकानात पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीवर केलं. बातमीचा शेवट बहुतेक दुसऱ्या कोणाच्या जिऱ्यासोबत निघून जायचा, तो मनानं लावून घ्यायची सवय लागली. आता लिहिते, आणि शेवट मनानंच लावते. नाव मात्र कोणाचंच घालत नाही. का, ते पुढे कळेल.

तुझ्या कामापासून सुरू करते. तू कम्प्युटरवर चित्रं काढायचीस, परदेशातल्या लेकरांच्या गोष्टीच्या पुस्तकांसाठी. वाघ, ससे, आगगाडीत बसलेली मांजर. मी विचारायची, "ह्याचे पैसे देतात?" तू म्हणायचीस, "देतात आजी, अन् मांजरीले चष्मा लावला तं जास्त देतात." पैसे बँकेत यायचे. खातं तू शाळेत असताना काढलेलं, त्याला नंबर तुझ्या बाबांचा. म्हणून मेसेज यायचा तो बाबांच्या फोनवर, काउंटरवर, तेलाच्या पिप्याशेजारी.

आणि तुझे बाबा तो मेसेज मोठ्यानं वाचायचे.

वाईट मनानं नाही गं. पोरीचं कौतुक. समोर गिऱ्हाईक साखर घेत उभं, आणि हे फोन डोळ्यांपासून लांब धरून, "पाहा भौ, आमच्या पोट्टीले आज इतके आले. घरबसल्या!" गिऱ्हाईक म्हणे, "वा." संध्याकाळपर्यंत चौकात माहीत, दुसऱ्या दिवशी तुझ्या आत्याच्या घरी हिंगणघाटला माहीत. आत्या लगेच फोन करायची, "आता पोट्टी कमावते तं माझ्या बारक्याची क्लासची फी भरून दे म्हणा तिले."

आपल्याकडे लग्नात आहेर माईकवर सांगतात, तसंच ते. कोण, कुठला, किती. मांडवात बसलेल्या प्रत्येकाला कळायलाच पाहिजे. मी स्वतः कितीदा कान देऊन ऐकलंय, आपल्या घरचं नाव नीट घेतो का तो माईकवाला. लहानपणापासून तेच ऐकत आलेलं माणूस दुकानालाही मांडवच समजतं, त्यात त्याचा काय दोष?

पण मग एक दिवस यायचा मेसेज न येता जायचा मेसेज आला. तू नागपूरला झोपेच्या डॉक्टरकडे पैसे भरले होतेस. रात्र रात्र झोप लागत नव्हती तुला, हे मला माहीत होतं, कारण माझी खाट तुझ्या शेजारी. बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतलं, दवाखान्याचं नाव तोंडातून निघून गेलं आणि मग ते थांबले. काळजीनं चेहरा उतरला त्यांचा. पण वाचून झालं होतं. डाळ घ्यायला आलेली बाई डाळ न घेता गेली. संध्याकाळी दोघीजणी दारात आल्या. "पोरीले काई झालं म्हणे? डोक्याचं हाय का काई?"

तू आतल्या खोलीत होतीस. सगळं ऐकू आलं तुला. बाहेर आलीस, त्यांना पाणी दिलंस, "झोप येत नाई काकू, बाकी बरी आहे," म्हणालीस आणि परत आत गेलीस. भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भुलाबाई बसली. तुझं वय आता गाणी म्हणण्याचं नाही, पण गल्लीतल्या लहान पोरींचा खाऊ आपल्या घरून जायचा त्या दिवशी तू माझ्यासोबत डबे भरायला बसलीस. धडा मिळाला तो तिथे.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावात भुलाबाई नसेल, तर त्यांच्यासाठी: आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी संध्याकाळी भुलाबाई आणि भुलोजी मांडून गाणी म्हणतात. गाणी झाली की खाऊ. पण खाऊ सरळ वाटत नाहीत. डबा बंदच आणायचा. रिंगणात बसलेल्या पोरींनी तो हलवायचा, कानाशी धरायचा, वजन पाहायचं आणि ओळखायचं, आत काय आहे. फुटाणे? मुरमुरे? खोबरं? कोणालाच ओळखता आलं नाही की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "हरलो!" मग डब्याची मालकीण हसत झाकण काढते. हरल्याशिवाय झाकण काढायचं नाही, आणि हरल्यावर लपवायचं नाही. आणखी एक नियम असतो: जिनं डबा भरताना पाहिलाय तिनं खेळायचं नाही. तिनं ओळखायचं नाही आणि "हरलो"ही म्हणायचं नाही. तिनं गप बसायचं. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तर मी केळ्याच्या फोडी डब्यात दाबून भरत होते, आवाज येऊ नये म्हणून, आणि वरून दोन चिंचोके टाकत होते, पोरी फसाव्यात म्हणून. तू बघत बसली होतीस. एकदम म्हणालीस,

"आजी, मले असे पैसे पाहिजेत."

"कसे?"

"असे. चिंचोके टाकलेले."

मी हसले. तू नव्हती हसत. तू सांगितलंस की कम्प्युटरवरची नाणी असतात, त्यांना हात लावता येत नाही, पण जगभर चालतात. साधी नाणी असतात त्यांचा सगळा हिशोब उघड्यावर. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेले, जगात कोणीही पाहावं, आणि ते कधी पुसलं जात नाही. "नाव नसते तिथं," तू म्हणालीस, "पण पत्ता कोणाचा हे एकदा कळलं का झालं, मागचं पुढचं सारं कळते. लग्नातला माईक आहे तो आजी, फक्त मांडव दुनियेएवढा."

"मंग त्यापेक्षा बँक बरी," मी म्हटलं.

"बँकेत आपले बाबा आहेत नं."

दोघी हसलो तेव्हा.

मग तू म्हणालीस, दुसऱ्या जातीची नाणी असतात, झाकणारी. आणि तू डबे घेऊन मला दाखवायला लागलीस. आता नीट ऐक, धडा सुरू होतो.

पहिलं झाकण देणाऱ्यावर. या नाण्यात देणारा एकटा उभा राहत नाही. त्याचं यंत्र पूर्वी झालेल्या दुसऱ्या लोकांच्या व्यवहारांतून काही उचलतं आणि त्यांना सोबत घेऊन रिंगण करतं. बाहेरच्याला एवढंच पटतं की या रिंगणातल्या कोणीतरी एकीनं डबा पुढे केला, तो तिचाच होता, चोरलेला नव्हता. कोणी केला ते कळत नाही. बाकीच्यांना तर आपण रिंगणात बसलोय हेही ठाऊक नसतं. "त्या म्हणजे चिंचोके," तू म्हणालीस.

आता समजलं ना वाचणाऱ्यांना, मी नाव का घालत नाही? या जिल्ह्यात दुकानाच्या मागे राहणाऱ्या, नात दूर गेलेल्या आज्या कितीतरी असतील. देवळीच्या, वडनेरच्या, पार हिंगणीच्या. त्या सगळ्यांना मी रिंगणात बसवलंय. त्यांतली एक मी. दाखवा बोट. देवळी म्हटलं, तोही चिंचोकाच समजा.

दुसरं झाकण घेणाऱ्यावर. घराची पाटी एकच, पण येणाऱ्या प्रत्येकासाठी नवं दार उघडतं, आणि तो आत आला की दार बुजून जातं. दोन वेळा आलेले पैसे दोन वेगळ्या दारांनी आलेले दिसतात, एकाच घरात गेले हे बाहेरून कळत नाही. घरच्या माणसाची किल्ली तेवढी त्या सगळ्या दारांना लागते.

तिसरं झाकण किती दिले त्यावर. इथे मी अडले. मी किराणावाल्याची बायको, किराणावाल्याची आई. म्हटलं, "किती हेच झाकलं तं मंग ठगवणं सोपं. कोणी घरी बसून खोटे पैसे बनवले तं कोणाले कळन?"

तू उठलीस आणि दुकानातला जुना तराजू घेऊन आलीस, हातात धरायचा तो, आता नुसता खिळ्याला असतो. एका पारड्यात एक बंद डबा ठेवलास, दुसऱ्यात दोन लहान बंद डबे. काटा मधोमध. म्हणालीस, "आत काय आहे, किती आहे, तुले माहीत आहे का?"

"नाई."

"पण इकडून जितकं निंगालं तितकंच तिकडं गेलं, हे तं माहीत झालं?"

मी काट्याकडे बघत राहिले. आयुष्य गेलं माझं तराजूसमोर, पण झाकण न काढता खरं-खोटं पाहता येतं हे कधी सुचलं नव्हतं. ते लोक हे वजनानं नाही, गणितानं करतात, आणि गणित मला सांगितलंस तरी कळलं नसतं. काटा कळला.

तरी एक शंका राहिली होती. "अन् तेच नाणं दोनदा दिलं तं?"

"खूण पडते. नाणं खर्चलं का त्याची एक खूण उमटते. तेच पुन्हा द्यायले गेलं का तीच खूण उमटते, अन् सारे म्हणतात, चाल, हट."

"मतदानाच्या शाईवानी."

"हो! पण तिथं बोट दिसते. इथं बोट नाई दिसत आजी, नुसती शाई."

तुझ्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ना, ते मी नंतर पाहिलं नाही. मी विचारलं, "लपवायचं कोणापासून आहे तुले? सरकारपासून?" तू म्हणालीस, "नाई व. वर्ध्याच्या वकिलाले विचारून कर भरतो मी, सारं कागदावर आहे. मले चौकापासून लपवायचं आहे." आणि हेही सांगितलंस, लपवलं नाहीस, की चोर आणि लबाड लोकही हेच नाणं वापरतात, म्हणून बरेच बाजार ते घ्यायलाच तयार नसतात. "झाकण सगळ्याईलेच लागते. चांगल्यालेही अन् वाईटालेही." मी म्हटलं, खरं आहे, दार तर चोराच्या घरालाही असतं, म्हणून आपण आपलं काढून टाकत नाही.

मग तू माझा जुना फोन मागितलास. म्हणालीस, या नाण्याच्या पाकिटाला दोन किल्ल्या असतात. एक खर्चायची, ती कोणालाच द्यायची नाही. दुसरी पाहायची. ती ज्याच्याजवळ आहे त्याला आत आलेलं दिसतं, पण त्यातली एक दमडीही हलवता येत नाही. माझ्या फोनात तू पाहायची किल्ली टाकून दिलीस.

"मले कायले?"

"घरातल्या एका माणसानं तं पाहिलेलं असावं, की मी काई वाईट करत नाई."

घरातल्या एका माणसानं. बाप नाही, आई नाही, मला निवडलंस. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि केळ्याचा हात केसांना लागला म्हणून तू ओरडलीस.

इथपर्यंत धडा. पुढचं शिकवलेलं नाही, झालेलं आहे.

दिवाळीला तुझी आत्या आली भाऊबीजेला. जेवायला सगळे बसलो होतो दुपारी, तुझी आई वाढत होती. बाबांनी टीव्हीवर कुठलीशी बातमी पाहिली होती, चोरट्यांनी झाकणारं नाणं वापरल्याची. आणि बरेच दिवस काउंटरवर मेसेज वाजला नव्हता. दोन्ही त्यांनी जोडलं. रद्दीवरची बातमी जोडायची आमची खानदानी सवय.

"आता बँकेत काऊन येत नाईत तुझे पैसे?"

"दुसरीकडं येतात बाबा."

"कोठी?"

तू सांगितलंस, झाकलेल्या नाण्यात. आत्यानं हातातला घास खाली ठेवला. "म्या म्हटलंच होतं, जुगार हाय. आमच्या गल्लीतला एक पोट्टा असाच बुडाला."

तू हसत म्हणालीस, "आत्या, हलवून पाह्य नं. आवाज येते का जुगाराचा?"

मला तेव्हाच कळलं तू काय करून राह्यली ते. तू त्या भांडणाला भुलाबाईच्या रिंगणात नेत होतीस. लहानपणी याच आत्यानं तुला डबा ओळखायला शिकवलं होतं.

आत्या म्हणाली, "मंग कोण्या पोट्ट्यानं पाठवले असतील."

"चूक."

बाबा म्हणाले, "चोरट्याईचा पैसा फिरवत असन कोणी तुझ्या हातानं, अन् तुले समजतही नसन."

"चूक बाबा. आणखी?"

"अहो, जेवू द्या नं तिले," तुझी आई म्हणाली. भात वाढायचा चमचा तिच्या हातातच राहिला होता.

"आणखी?" तू पुन्हा म्हणालीस. ओळखायचं संपलं होतं सगळ्यांचं. आणि मग तू विचारलंस, हसूनच, बाबांकडे पाहून, "हरले का?"

एक शब्द हवा होता. गमतीत म्हटला असता तरी चाललं असतं. तू तिथल्या तिथे फोन काढून सगळं दाखवलं असतंस. ससे, वाघ, चष्म्याची मांजर, कोणत्या चित्राचे किती आले, कर किती भरला, डॉक्टरांना किती दिले. मी ओळखते तुला. झाकण काढायला तुझा हात झाकणावरच होता.

"कोणासंग हरायचं?" बाबा म्हणाले. "बापानं पोरीसंग? उघड म्हणतो नं मी. उघड."

तू माझ्याकडे पाहिलंस.

काय होतं त्या पाहण्यात, ते मी वर्षभर उलटून पालटून बघते आहे. "दाखव" असं नव्हतं. हुकमानं उघडलेलं तुला नकोच होतं. मला वाटतं, तुला एवढंच हवं होतं की घरातल्या कोणाच्या तरी तोंडून तो शब्द निघावा. बाबांच्या ऐवजी मी म्हटला असता, "हरलो वो बाई आम्ही सारे, सांग आता," तर आत्या हसली असती, बाबांचा मान राहिला असता आणि खेळ खेळच राहिला असता. शब्द आला होता जिभेवर. पण मी पाहिलेली होते ना. फोनात, रोज. डबा भरताना पाहिलेलीनं "हरलो" म्हणायचं नसतं. लहानपणापासूनचा नियम, हाडात बसलेला. मी ताटाकडे पाहिलं आणि गप बसले.

कोणी हसेल, म्हणेल, पोरींच्या खेळाचा नियम घेऊन म्हातारी बसली. बसलेच मी. माणूस ज्या गोष्टी विचार करून करतं त्या थोड्या, बाकी सगळं कुठल्यातरी अंगणात शिकलेलं असतं.

बाबांनी ताट सरकवलं. तू उठलीस. दिवाळीनंतर पुण्याला काम मिळालं म्हणालीस, मिळालंही असेल. बाबांनीच तुझी बॅग उचलून बसस्टँडवर नेली. बस लागेपर्यंत दोघं शेजारी उभे होते आणि वर्ध्याच्या गाडीला किती गर्दी असते यावर बोलत होते.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तू गेल्यावर बाबा बँकेत गेले. परत आले तेव्हा गल्ल्यात चिल्लर मोजता मोजता म्हणाले, "तिच्या खात्याले तिचा नंबर लावून आलो." एवढंच. नंबर कसा लावता आला, तुझी सही कुठून आली, मला विचारू नको. तू आईजवळ सह्या करून ठेवलेले कागद होते त्यातलाच एक असेल. आता काउंटरवर फोन वाजतो तो कंपन्यांच्या जाहिरातींनी, तरी ते दर वेळी उचलून पाहतात. मोठ्यानं वाचत नाहीत.

आणि मी काय करते? सकाळी चहा झाला की तुझं पाकीट उघडते. ते लगेच उघडत नाही. आधी सगळ्या दुनियेच्या बंद दारांना माझी किल्ली लावून पाहतं, हे हिचं आहे का, हे हिचं आहे का, आणि निळी रेघ हळूहळू सरकत जाते. रेघ पूर्ण झाली की दिसतं, काही आलं का. मग बाबा दुकानातून, मान न वळवता, "आलं का?"

"आलं."

किती, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण "आलं" म्हटलं की पुढच्या गिऱ्हाइकाला ते साखर जरा जास्तच घालतात, हे मी पाहिलंय.

पण त्या किल्लीची एक गोष्ट तू डबे भरताना सांगितली होतीस आणि मी तेव्हा कानाआड केली होती. तिला येणारं दिसतं, जाणारं दिसत नाही. माझ्या फोनात तुझं पाकीट नुसतं भरत जातं. कधी रिकामं होत नाही. तू त्यातून खोलीचं भाडं दिलंस का, तूप आणलंस का, नुसत्या मॅगीवर दिवस काढलेस का, डॉक्टरकडे पुन्हा गेलीस का, मला काही दिसत नाही. वर्षभर मी समजत होते की मी तुला पाहते आहे. मी तुझ्या दारात आलेलं दूध पाहत होते गं. ते प्यायलीस का सांडलं, ते घराच्या आत.

आणि पोळ्यापासून काहीच आलं नाही.

रोज रेघ सरकते, टोकाला जाते, आणि काही नाही. बाबा विचारतात, "आलं का?" पहिले काही दिवस मी म्हटलं, "यायचं आहे." आता ते विचारत नाहीत, नुसते थांबतात. रविवारी फोनवर मी तुझा आवाज हलवून बघते, डबा हलवावा तसा. "मी बरी आहे आजी." आत काय आहे? चित्रांचं काम बंद पडलं का? का तू नवं पाकीट काढलंस, ज्याची किल्ली माझ्याजवळ नाही? का आजारी आहेस? झोप येते का तुला?

एकदा वाटलं, तुझ्या पाकिटाच्या पाटीवर मीच एखादं नाणं टाकावं, खूण म्हणून. पण मला ते नाणं विकत घेता येत नाही, आणि टाकलं तरी कोणी टाकलं ते तुला दिसलंच नसतं. झाकणारं नाणं आजीलाही झाकतं. म्हणून हे लिहायला घेतलं. फोनवर जमत नाही. बोलता बोलता मी मध्येच थांबते आणि तू समजतेस की रेंज गेली.

परवा ज्वारीचे धांडे, म्हणजे उंच ताटं, आणून अंगणात ठेवले होते कोणी, कोजागरीला भुलाबाईभोवती मखर उभारायला. ते बघता बघता माझ्या लक्षात आलं की मी काय करून राह्यली आहे. काम बंद पडलं असेल. आजार असेल. दुसरं पाकीट असेल. मीही ओळखतच बसले आहे, आत्यासारखी, बाबांसारखी, एकामागून एक. आणि मला ओळखता येत नाही. म्हणजे मी पाहिलेली नाहीच. माझी किल्ली अर्धी होती. मी रिंगणाच्या बाहेरची नाही, आतली आहे, आणि मला तो शब्द म्हणायची मुभा आहे. त्या दिवशीही होती. मी उगीच ताटाकडे पाहत बसले.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बाबांना म्हटलं, "मी पोरीले लिहून राह्यली. काई सांगू तुझ्याकडून?"

ते तागडीची पारडी पुसत होते. "सांगजो, मी काई इचारत नाई तिले."

"तसं नको सांगू. इचारत नाई म्हटलं का तिले वाटन, गरजच नाई."

"मंग काय सांगू, आई?"

"तिनं काय इचारलं होतं तुले, ताटावर?"

पारडं पुसून झालं तरी पुसतच होते. मग म्हणाले, "ते काय म्हणायचं आता... हरलेलाच तं हाओ मी," आणि आत जाऊन उगाच गुळाची भेली फोडत बसले. मी ते शब्द जसेच्या तसे इथे ठेवलेत, माझ्याकडून काही लावलं नाही.

तर असं आहे. हरलो गं बाई आम्ही. मी पहिली. आता झाकण काढायचं का, किती काढायचं, ते तुझ्या हातात. सगळं नको काढू, हवं तर फटीतून दाखव. खर्चायची किल्ली तुझीच, ती कोणी मागणार नाही. आणि चौकाला काय सांगायचं ते मी बघते. मला चिंचोके टाकता येतात.

ही भुलाबाई जाईल. पुरवणीवाल्यांनी हे छापायला वेळ लावला तर कोजागरीही जाईल. जाऊ दे. मी धांडे काढायला लावणार नाही, वाळले तरी उभे राहू देईन. वर्ध्याहून देवळीची शेवटची बस कधी निघते तुला माहीत आहे, ती चुकली तर बाबा घ्यायला येतील, बसल्या जागी चप्पल शोधतात ते कोणी पुणं म्हटलं की. येताना डबा घेऊन ये, बंद. काय आणशील ते सांगू नको. मी हलवून बघीन, आणि चूकच सांगीन.

लवकर येजो, माय माझी.